उद्घाटनाआधी सुटणारी गाडी

चित्रं भिंतीला लागलेली आहेत, दार सताड उघडं आहे, आत पंखे फिरताहेत, आणि तरीही तुम्ही बाहेर उन्हात उभे आहात. मला सांगा, नेमकं कुणासाठी?

बीडमधल्या एका सभागृहाच्या पायऱ्यांवर ताटकळणाऱ्या माणसांना मी हाच प्रश्न विचारला होता. एका बाईंनी पदराने वारा घेत नुसती दाराकडे हनुवटी केली. दारात लाल फीत बांधलेली होती. बोटभर रुंदीची, चकचकीत, मधोमध फूल केलेली. तेवढ्याने सगळा जमाव अडला होता.

मे संपत आला होता. प्रदर्शन जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचं होतं आणि त्यात माझ्या धाकट्या बहिणीचं एक चित्र निवडलं गेलं होतं. तिची बारावी झाली होती आणि तिला संभाजीनगरला जाऊन चित्रकला शिकायची होती. वडिलांचा होकार होता. पण आमच्या घरात वडिलांचा होकार म्हणजे सभेतला ठराव: टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर, अंमलबजावणी शून्य. वडील चळवळीतले. आमच्या घरी वर्तमानपत्र यायच्या आधीपासून पत्रकं येत. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'चलो' आणि 'जाहीर निषेध' या शब्दांवर. जमीन, जनावरं, लग्नं आणि शिक्षणं मात्र मोठ्या काकांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे. त्यांच्या तोंडून 'हो' निघाल्याशिवाय आमच्या घरातून कुणी शिकायला बाहेर गेलेलं नाही.

काकांचं म्हणणं सरळ होतं. "चित्रं काढून माणसाचं काय व्हतंय, मला ठाव न्हाई. ठाव नसलेल्या गोष्टीला मी हो बी म्हणत न्हाई आन् नको बी म्हणत न्हाई. आधी बघतो. लोक बघतेत का, ते बी बघतो. मग बोलू."

मला हे बोलणं पटलं. न बघता हो म्हणणारी माणसं मी सभांमधून पुष्कळ पाहिली आहेत. मृग तोंडावर आलेला असताना, रानातली कुळवाची पाळी अर्धी टाकून काका एका चित्रासाठी बीडला यायला तयार झाले, यातच अर्धं जिंकल्यासारखं मला वाटलं.

मी निमंत्रणपत्रिका नीट वाचली होती. वर प्रमुख पाहुण्यांचा, म्हणजे साहेबांचा, फोटो, त्याखाली छोट्या पाहुण्यांचे छोटे फोटो, मग नुसती नावं. चित्रं काढणाऱ्या मुलांची नावं कुठेच नव्हती. तळाशी लिहिलं होतं, सायंकाळी पाच वाजता, सर्वांना मुक्त प्रवेश. आमचं गाव लिंबागणेशच्या पुढे. तिकडे जाणारी शेवटची गाडी सहाची. ती मुक्कामी गाडी, रात्री आमच्याच गावात थांबते आणि सकाळी परत बीडला येते. ती चुकली की बीडच्या स्थानकावर अंथरूण. पाच ते सहा. एक चित्र बघायला तेवढा वेळ पुरेल असा मी हिशोब केला.

हिशोब जाताना तरी जुळला, तोही कसाबसा. दुपारची गाडी आलीच नाही. फाट्यावरच्या पानटपरीवाल्याने आमच्याकडे न बघताच सांगितलं, "लग्नाला गेली." मे महिन्यात आमच्या भागातल्या गाड्या वऱ्हाडं वाहतात. नवरदेवाला गाडी मिळते, दवाखान्याला निघालेल्या म्हातारीला मिळत नाही. आम्ही जीपमध्ये अर्धे आत, अर्धे बाहेर बसून लिंबागणेश गाठलं आणि तिथून दुसरी गाडी धरली. काका धुतलेलं धोतर नेसून आले होते. बीडला उतरेपर्यंत त्याचा रंग जीपच्या टपासारखा झाला होता.

आणि पुढे फीत.

माझी बहीण आम्हाला दिसत होती. फितीच्या पलीकडे, दाराच्या आत. तिला आणि तिच्यासारख्या पाच-सहा मुलींना नऊवारी नेसवून, हातात औक्षणाची ताटं देऊन ओळीने उभं केलं होतं. ज्यांची चित्रं भिंतीवर होती त्याच मुली. पाहुण्यांना ओवाळायला. मुलगे मात्र मोकळे होते, ते पाण्याचे जार हलवत होते. तिच्या ताटातलं निरांजन दोनदा पंख्याने विझलं होतं आणि दोन्ही वेळा कुणीतरी तिच्यावरच ओरडलं होतं.

सव्वापाच झाले तेव्हा मी खिशाला बिल्ला लावलेल्या एका गृहस्थांना गाठलं. ते आयोजकांपैकी होते आणि एकाच वेळी दोन फोनवर बोलत होते.

"साहेब कधी येणार?"

"निघालेतच. एका लग्नात अडकलेत. अक्षता पडल्या की निघतील."

"लग्न कितीचं होतं?"

"साडेबाराचं."

"आणि आता सव्वापाच झालेत."

"अहो ताई, साहेब गेल्याशिवाय अक्षता कशा पडतील?" ते माझ्याकडे दयेने बघत म्हणाले. "तिथं ते आधीच्या लग्नातून आले ना. तिथं उशीर झाला."

म्हणजे त्या दिवशी जिल्ह्यात कुठेतरी एक नवरी साहेबांसाठी थांबली होती, तिच्यामुळे साहेब थांबले होते, साहेबांमुळे चित्रं थांबली होती आणि चित्रांमुळे माझे काका. आमच्या गाडीत बसलेलं वऱ्हाडसुद्धा बहुतेक असंच कुठेतरी थांबलं असणार.

"मग तोवर लोकांना आत सोडा," मी म्हणाले. "ज्यांना गाडी गाठायची आहे ते बघून जातील. साहेब आले की पुन्हा सगळे बाहेर येऊ आणि टाळ्या वाजवू."

"उद्घाटनाआधी?" त्यांनी एक फोन कानावरून काढला. "तसं कसं? मग उद्घाटन कशाचं?"

तेवढ्यात चहावाला किटली सांभाळत फितीखालून वाकून आत गेला. मागोमाग हारवाला. मग खुर्च्यावाला, डोक्यावर चार खुर्च्या घेऊन.

"हे कसे गेले?"

"ती कामाची माणसं आहेत."

"आणि आम्ही?"

"तुम्ही प्रेक्षक."

इथे माझा तोल सुटला. मी पायरीवर चढले आणि बोलले. बीडचा नकाशा या लोकांनी फक्त चारचाकीच्या काचेतून पाहिलेला आहे, असं म्हणाले. जो कार्यक्रम शेवटच्या गाडीनंतर सुरू होतो तो सर्वांसाठी नसतो. त्याच्या पत्रिकेवर 'सर्वांना मुक्त प्रवेश' छापणं हा धडधडीत खोटेपणा आहे, असं म्हणाले. आणि शेवटी तो प्रश्न विचारला, कुणासाठी उभे आहात. माझ्या मते बोलणं चांगलं झालं. एक गृहस्थ मनापासून म्हणाले, "ताई, बोलताय ते लई बरोबर हाय. पण जरा सावलीत येऊन बोला, भोवळ येईल." जागचं कुणी हललं नाही.

आतून बहीण दबक्या आवाजात म्हणाली, "काका, वाकून या ना. उजवीकडं तिसरं चित्र हाय. कुणी काय म्हणत न्हाई."

काका फितीजवळ गेले. मला वाटलं, वाकले. पण त्यांनी हात मागे बांधले.

"आपल्या पोरीचं चित्र मी चोरावानी बघू व्हय?"

"चोरावानी कशाला? चहावाला गेला की."

"त्यो चहा द्याया गेला. मी कशाला जाऊ, इचारलं तर काय सांगू?"

"मग मी फीत सोडते," मी म्हणाले.

"तू गप. त्यांच्या दारात त्यांची फीत. ज्याचा मान त्याला." मग ते बहिणीकडे वळले. "निरांजन धर सरळ. तेल सांडंल लुगड्यावर."

पावणेसहाला ते पायऱ्या उतरले. मी मागून निघाले. वळून पाहिलं तेव्हा बहीण तशीच उभी होती, ताट सरळ धरून. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

गाडीने लिंबागणेश मागे टाकलं तेव्हा रागाने नव्हे, खरंच कळावं म्हणून काकांनी विचारलं, "कावून बोलावलं व्हतं मग आपल्याला?"

माझ्याकडे पत्रकभर उत्तरं होती. पण काकांनी पत्रक मागितलं नव्हतं.

बहीण त्या रात्री चित्रकलेच्या बाईंकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी गावी आली. साहेब आले होते म्हणे, दिवेलागणीनंतर. फीत कापली, ओवाळून घेतलं, चित्रांकडे पाठ करून फोटो काढला. भाषण पाणीटंचाईवर झालं. मग ते पुढच्या लग्नाला गेले. बाहेरची बरीचशी माणसं तोवर आपापल्या गाड्यांना गेली होती. उरलेली जेवणाकडे वळली. हे सगळं तिने भाकरी थापता थापता सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ दे अक्का. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी म्हणजे काय हे आमच्या गावातल्या मुलींना माहीत असतं. मोठ्या काकूंकडे तिच्यासाठी दोन स्थळांचे फोटो येऊन पडले होते.

काकांनी मात्र नको म्हटलेलं नव्हतं. अजून त्यांनी बघितलंच नव्हतं. त्यांना बियाणं आणायला बीडला जायचंच होतं. प्रदर्शन संपायच्या आदल्या दिवशी मुक्कामी गाडीने सकाळी निघताना ते मला म्हणाले, "चल. जाता जाता बघू." बहीण आली नाही. "तिथं कुणीच नसलं तर मला बघवायचं न्हाई," म्हणाली.

आणि खरंच कुणी नव्हतं. बियाण्याच्या पिशव्या घेऊन भर दुपारी आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा राखणदार दोन खुर्च्या जोडून घोरत होता. फीत नाही, हार नाही, साहेब नाहीत. प्रवेश आता खरोखरच मुक्त होता आणि मुक्त झाल्याबरोबर कुणालाच नको होता.

उजवीकडचं तिसरं चित्र. लिंबाखाली आडवा झालेला माणूस. तोंडावर टॉवेल, त्यामुळे चेहरा नाही. पुढे दोन पाय, भेगांसकट, इतके मोठे की चित्राचा निम्मा भाग त्यांनीच खाल्लेला. मागे तापलेलं, अर्धं नांगरलेलं रान. काका बराच वेळ उभे राहिले. मग मागच्या ओळीतल्या खुर्चीवर जाऊन बसले. पिशव्या पायाशी ठेवल्या.

"बघितलं," ते म्हणाले. "आता लोक कुठं हायत?"

मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात तीन माणसं आत आली. एक म्हातारी, तिचा मुलगा, सून. युसूफ वडगावकडची मंडळी. त्यांचीही गाडी लग्नाला गेली होती आणि स्थानकावरच्या उन्हाला कंटाळून ती सावली शोधत आली होती. चित्रांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ती थेट पंख्याखाली गेली. पंखा तिसऱ्या चित्रासमोर होता.

म्हातारी वारा घेत घेत बघायला लागली.

"ह्यो गेला का काय गं?"

"गेला कशाला," सून म्हणाली. "झोपलाय."

"झोपलेल्याचे पाय आसे व्हतेत व्हय? इवढे पसरलेत."

मुलगा जवळ जाऊन वाकला. "आई, पिऊन पडलाय ह्यो. बघ ना, चप्पल कुठं, पाय कुठं."

"तुला बरं पिलेलं लगेच वळखू येतं," सून म्हणाली.

"आगं पण टावेल बघ. पिलेला माणूस तोंडावर टावेल घेतो का? त्याला कसली माशीची शुद्ध?" म्हातारी आता मुलाच्या विरुद्ध गेली होती. "न्हाई. गेलाच ह्यो. रानातच गेला बिचारा."

मागे खुर्ची सरकली.

"पिलेला न्हाई आन् गेलेला बी न्हाई," काका म्हणाले. "पहाटंपासून नांगरून आडवा झालाय. मागं रान दिसतंय ना अर्धं? ऱ्हायलेलं अर्धं उठून करायचं हाय त्याला."

"तुमाला काय ठाव?" मुलगा म्हणाला.

"मला न्हाई तर कुणाला? त्यो मीच हाय."

तिघांनी आधी चित्राकडे पाहिलं, मग काकांच्या पायांकडे. म्हातारीने तर वाकून पाहिलं. "आगं बया," ती म्हणाली, "जित्ता हाय की!" मग अर्धा तास ती मंडळी बसली. कुणी काढलं, पोरगी कितवीला, काढायला किती दिवस लागले, रंग कुठून आणला. काका सगळ्याची उत्तरं देत होते, निम्मी चुकीची.

घरी आल्यावर काका ओसरीवर बसले. बहीण पाणी घेऊन आली. त्यांनी तांब्या हातात धरला आणि तोंडाला लावला नाही.

"तोंड कावून झाकलंस माझं?"

बहीण जमिनीकडे बघत म्हणाली, "तोंड जमत न्हाई मला अजून. चेहरा अवघड असतो, काका."

"तिकडं शिकवतेत का?"

"हो."

"मग जा शिकून ये. त्या म्हातारीनं मेल्यात काढलं मला."

बहीण आता संभाजीनगरला शिकते आहे. माझा राग मात्र गेलेला नाही. एका म्हातारीची गाडी लग्नाला गेली नसती तर एका मुलीचं काय झालं असतं, याचा विचार आला की मला अजून धड बसवत नाही.

म्हणून आता तुमच्याकडे मागणी. उन्हाळा संपत आला की तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी असंच एखादं प्रदर्शन लागेल. उद्घाटनाला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी, दुपारच्या गाडीने जा. घरातलं एखादं माणूस सोबत घ्या. एका चित्रापुढे थांबा आणि जे वाटेल ते मोठ्याने बोला. चुकीचं बोललात तरी चालेल, भांडलात तर फारच बरं. मागच्या खुर्चीवर कुणाचा तरी बाप, कुणाची तरी आई, कुणाचा तरी काका बियाण्याच्या पिशव्या घेऊन बसलेला असेल. त्याला ते ऐकू जाऊ द्या.