थर्मोकोलच्या वस्तीतला शिंपला

बोईसरला आमच्या दोन चाळींच्या मध्ये एक मोकळा प्लॉट होता. त्यात गवत, विटांचे तुकडे आणि कुणाच्या तरी शेळ्या. बाजार रेल्वेच्या पलीकडे. दळण असो, शिंप्याकडे टाकायचं कापड असो की नुसती कोथिंबीर, फाटक उघडायची वाट बघत उभं राहायचं. दारात मिळायची ती फक्त मासळी. समुद्राकाठच्या नवापूरची मावशी रोज टोपली घेऊन यायची आणि आमच्या जिन्याच्या तोंडाशी बसायची.

तिच्या मासळीबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती आवाजाबद्दल. मी कमी बोलणारा माणूस. कारखान्यात ड्राफ्ट्समन, दिवसभर रेघा ओढायच्या आणि तोंड बंद. माझी बायको मात्र मावशीला सगळं सांगायची, आणि मावशी ते सगळ्या चाळीला. एकदा माझे साहेब पहिल्यांदाच घरी येत होते. आम्ही जिन्यात पाय ठेवला आणि मागून आवाज आला, "काय रे भाऊ, बायको बोलते का अजून अबोलाच हाय? सरंगा घेऊन जा, लगेच बोलंल!" साहेबांनी चहा घेतला, पण सगळा वेळ ते माझ्या बायकोकडे काळजीनं बघत होते.

त्या वर्षी गणपतीच्या देखाव्याचं काम माझ्याकडे आलं. मधल्या प्लॉटवर काय होऊ शकतं, तेच दाखवायचं मी ठरवलं. थर्मोकोल कापून अख्खी वस्ती उभी केली. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. गिरणी, शिंपी, न्हावी, दवाखाना, सगळं अनवाणी जाऊन येण्याइतकं जवळ. मधून पायवाट, तिच्यावर फक्त माणसं.

लोक बाप्पाला घाईघाईनं हात जोडायचे आणि देखाव्याशी येऊन भांडायचे. थर्मोकोलचं सलून दवाखान्याला चिकटून का, म्हणून खरा न्हावी माझी दाढी करेना. इस्त्रीवाला म्हणाला, "साब, सबको छाँव दिया, मेरा ठेला धूप में क्यों?" मी ठेला सरकवला. शेजारच्या वहिनींनी वरची एक खोली स्वतःसाठी धरून ठेवली आणि समोर कोण राहायला येणार याची चौकशी सुरू केली.

मावशी आली ती टोपली घरी ठेवून, नवं लुगडं नेसून, हातात नारळ. बराच वेळ बघत राहिली.

"माजी जागा कुठं हाय?"

देखाव्यातल्या आमच्या जिन्याच्या तोंडाशी मी हिरवा कागद चिकटवला होता, त्यावर लाल टिकल्या. फुलबाग.

"राहिली वाटतं घाईत," मी म्हणालो.

खोटं होतं ते. सगळ्यात आधी मी तो हिरवा कागदच कापला होता.

"मंग ही मी," म्हणत तिनं तंबाखूच्या चंचीतून चुन्याचा शिंपला काढला आणि फुलबागेत ठेवला.

तिची पाठ वळताच मी तो उचलून बाजूला ठेवला. सकाळी परत जागेवर. पुन्हा उचलला, पुन्हा हजर. ठेवणारी माझी बायको होती, हे मला दिसत होतं. उचलणारा मी, हे तिला दिसत असावं. घरात दोघंही चटणीच्या तिखटाबद्दल बोलत होतो.

मग कळलं, चाळींचे मालक पालघरहून आरतीला येणार आहेत, आणि देखावा पसंत पडला तर प्लॉटवर तसंच बांधणार आहेत. म्हणजे त्या टेबलावर जे असेल ते राहणार, नसेल ते जाणार. मालक मांडवात शिरताना मी शिंपला खिशात टाकला.

मालकांनी बोट ठेवलं. "इथं काय?"

"फुलबाग."

"वा!"

तेवढ्यात मागून मावशी ओरडली, "अगो बाय, माजा शिंपला पडला की खाली!" आणि ती थेट टेबलाखाली शिरली. पाठोपाठ पोरं, न्हावी, वहिनी. पुजारी आरतीचं तबक धरून ताटकळले. शेवटी मालकही धोतर सावरत खाली वाकले. मग मलाही वाकावं लागलं. मांडीला टोचणारा शिंपला मी सगळ्यांबरोबर जमिनीवर शोधत होतो. "बारका हाय, नीट बघ रे भाऊ," मावशी मला सांगत होती.

वस्ती झाली. खरोखर तशीच झाली. फाटकाची वाट बघणं संपलं. फुलबागही झाली. शेळ्यांचा त्रास नको म्हणून गवंड्यानं भोवती चांगला रुंद कठडा बांधला. तरीही शेळ्यांनी झेंडू पहिल्याच आठवड्यात संपवला. मावशीनं कठड्यावर पाणी मारलं, टोपली वर ठेवली आणि कंबर सरळ केली.

"भाऊ, ओटा बांदून दिलास रे मला! आता वाकाय नको!"

येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची, अर्थात तिच्या नेहमीच्या आवाजात. आणि माझ्या पिशवीत दर वेळी एक बोंबील जास्तीचा टाकायची. "हा ओट्याचा." तो बोंबील मी वर्षानुवर्षं खाल्ला. कुरकुरीत असायचा, पण घशाखाली उतरताना शिंपल्यासारखा टोचायचा.

मुलं मोठी झाली, माझे केस पिकले, मावशीनं सुनेला हाताखाली घेतलं. पुढच्या महिन्यापासून टोपली सूनच आणणार, असं ती एके सकाळी म्हणाली आणि सवयीनं ओट्याचा बोंबील पिशवीत टाकला. मी वर जाऊन कपाटातून शिंपला काढला, खाली येऊन कठड्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. हिरवा कागद, खिसा, सगळं. आयुष्यात एवढं सलग मी कधी बोललो नव्हतो.

मावशीनं शिंपला उचलून उलटसुलट बघितला. मग तिनं माझ्या पिशवीत हात घातला, ओट्याचा बोंबील शोधून काढला आणि टोपलीत परत टाकला.

आणि मान वर करून, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं, गॅलरीतल्या माझ्या बायकोला ओरडली, "अगो ताय, शिंपला गावला!"

"कुठं होता?"

शिंप्याचं मशीन थांबलं. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

"याच्याच खिशात!"