बांधावरची भाकर

निजामाच्या राजवटीत पिंगळीला कुणी नांगराच्या तासाने शेजाऱ्याचा बांध कोरला, की आधी एकमेकांची आयमाय काढली जायची, मग कुऱ्हाडी निघायच्या, आणि मग कुणालातरी येडबाची आठवण व्हायची. अदालतीत खेटे घालण्यापेक्षा ते बरं. येडबा मेंढरं राखणारा. स्वतःचं वीतभर वावर नाही, म्हणून गावाचा त्याच्यावर भरोसा. दोन्ही वावरांची माती घोंगड्यात बांधून तो डोक्यावर घ्यायचा आणि चालू लागायचा. तो चालेल ती हद्द. तिथं दगड रोवायचा आणि दोघा भांडणाऱ्यांनी बांधावर बसून एका टोपल्यातली भाकर खायची, म्हणजे तंटा मिटला.

अट एकच: हद्द चालणाऱ्यानं गावात कुणाचं अन्नपाणी घ्यायचं नाही. खाल्ल्या अन्नाला माणूस जागतो, ही गावाला भीती. तरुणपणी येडबाला या अटीचा भारी ताठा होता. लग्नाच्या पंगतीवरून मिशीला पीळ देत निघून जायचा. घरी भागुबाईच्या हातची गरम भाकर होती, मग बाकीच्यांची पडलीय कुणाला!

मग भागुबाई गेली. मरणाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकरी आणतात. तिला पोचवून आलेला येडबा दाराशी बसून राहिला. आज तरी कुणी यावं, असं त्याला फार वाटत होतं. कुणी आलं असतं, तर त्यानं अट मोडलीही असती.

शेजारची चतुराबाई टोपलं घेऊन निघाली होती. नवऱ्यानं, मुंजाजीनं, तिला अंगणातच अडवलं.

"डोकं फिरलं का तुझं? आपला नि आश्रुबाचा बांध चालायचाय त्यानं. भाकर चारून हद्द मारली म्हणून आश्रुबा गावभर बोंबलत फिरंल."

टोपलं माघारी गेलं. गाव मोठं इमानदार! येडबा पाणी पिऊन निजला.

सुतक फिटल्यावर तो मुंजाजी आणि आश्रुबाची हद्द चालला. दगड रोवला गेला. दोघं बांधावर टेकले, टोपलं सोडलं. कालचे वैरी एकमेकांना ठेचा वाढायला लागले. एरवी येडबा एव्हाना निघून गेलेला असायचा. आज तो घोंगड्याची घडी घालत राहिला, मोडून पुन्हा घालत राहिला.

मुंजाजीनं मान वर केली. "येडबामामा, आजून हितंच? ऊन लय झालंय. जावा घरी, जेवायचं आसंल तुमाला."

"व्हय, जातो," येडबा म्हणाला.

घोंगडं खांद्यावर टाकून तो निघाला. घरी जाऊन चूल त्यालाच पेटवायची होती.