कमलाकरचे अकरा खंड

कमलाकर मांडवगडेनं आयुष्यात कुणालाही नाही म्हटलेलं नाही. लोक याला त्याचा चांगुलपणा समजतात. तो निव्वळ आळस आहे. नाही म्हटलं की समोरचा कारण विचारतो, कारण सांगायला डोकं वापरावं लागतं, आणि कमलाकर डोक्याचा उपयोग फक्त कलप लावायला करतो.

यवतमाळात दत्त चौकाजवळ त्याचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका ही त्याची खासियत. आपल्याकडे पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर आलं, यावरून नात्यातली माणसं रुसून जेवायलाही थांबत नाहीत. कमलाकरनं यावर तोडगा काढला. सगळे काके-मामे त्यानं गोलाकार बसवले. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. ती पत्रिका वाचायची तर गाडीच्या स्टिअरिंगसारखी फिरवावी लागते. कळंबच्या एका आजोबांना वाचता वाचता चक्कर आली. तरी लोक त्याच्याकडेच जातात, यावरून लोकांचीही पारख होते.

वाचनालयाला शंभर वर्षं झाली तेव्हा समितीनं जिल्ह्यावर तीन खंडांचा ग्रंथ काढायचं ठरवलं. जुळणीचं काम कमलाकरकडे आलं. काम नीट झालं तर आतल्या पानावर ‘ग्रंथ-संयोजक’ म्हणून नाव टाकू, असं अध्यक्ष वकीलसाहेब बोलून गेले. इथंच घोटाळा झाला. कमलाकरची बायको सुहासिनी, तिचे दोन्ही भाऊ प्राध्यापक. दोघांच्या नावावर पुस्तकं आहेत, आणि सासुरवाडीला जेवताना ती लोणच्याच्या बरणीसारखी कमलाकरपुढे सरकवली जातात. ते एक नाव ग्रंथात आलं की त्याच्या जन्माचं सार्थक होणार होतं. दुसरं त्याला काही नको होतं.

पुस्तक जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेखाची फाईल वेगळी असते, आणि साऱ्या लेखांना एका दावणीला बांधणारी एक बुक फाईल असते. तिच्यात एखाद्या लेखावर जाऊन ‘इथून नवा खंड’ एवढं सांगितलं की खंडाचा आकडा, प्रकरणांचे आकडे, पानं, अनुक्रमणिका, सारं आपोआप बदलतं. हे सॉफ्टवेअर करतं. कमलाकरची समजूत अशी, की ते तो करतो. दुकानात कुणी बारशाची पत्रिका घ्यायला आला तरी त्याला बसवून घेऊन तो एक लेख पहिल्या खंडातून उचलून तिसऱ्यात टाकून दाखवायचा, आणि आकडे सरकले की असा घाम पुसायचा जणू ते त्यानंच खांद्यावरून वाहून नेले.

एक दिवस धरमसिंग गुरुजी आले. हे निवृत्त मुख्याध्यापक, बंजारा तांड्यांवरचा लेख त्यांचा. पहिल्या खंडात त्यांचा नंबर चौथा होता.

“कमलाकर, मले चौथ्या नंबरवर कायले बसवलं रे? मी का उशिरा आलतो?”

क्रम समितीनं लावलाय, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. कमलाकरनं चहा मागवला आणि गुरुजींच्या लेखावर ‘इथून नवा खंड’ करून टाकलं. गुरुजी दुसऱ्या खंडाचे पहिले झाले. कोणाला सांगू नका म्हणून त्यानं बजावलं. गुरुजींनी ते पांढरकवड्यापर्यंत सांगितलं.

पांढरकवड्याहून विमलताई आल्या. कोलामांच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, त्यांनी मेहनतीनं लिहिलं होतं, आणि तो लेख नेमका गुरुजींच्या मागे होता. गुरुजींच्या मागं उभं राहायला आपण काही त्यांच्या शाळेत नव्हतो, असं त्या म्हणाल्या. कमलाकरनं त्यांनाही एक खंड दिला. मग डॉक्टर आले, तहसीलमधून निवृत्त झालेले एक साहेब आले, त्यांच्यामागून आणखी तिघं आले. राजूरच्या कोळशावर लिहिणाऱ्या इंजिनिअरांचा खंड तर नऊ पानांचा भरला, तोही अध्यक्षांचे दोन शब्द आणि एका ओळीची अनुक्रमणिका धरून. सॉफ्टवेअरनं एका शब्दानं विचारलं नाही. दोन होयबांची गाठ पडली होती.

“अहो, अकरा खंड झाले,” सुहासिनी म्हणाली. “कोण छापणार आहे हे?”

“ते समिती पाहीन.”

“आणि समितीनं तुम्हालेच विचारलं म्हंजे?”

“म्हंजे काय? बदलून देऊ. बटनच तं दाबायचं आहे.”

बैठकीत प्रुफांचे अकरा गठ्ठे टेबलावर आले. वकीलसाहेबांनी नऊ पानांचा खंड दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. ग्रंथ तीन खंडांचाच निघेल, ते म्हणाले, आणि पहिला मान साऱ्यांना कमलाकरनं कबूल केलाय, तर आता तिघं कोण, हेही त्यानंच सांगावं. सांगता येत नसेल तर आतल्या पानावरचं नाव काढून टाकू.

ज्यांना ज्यांना शब्द दिला ते सारे समोर बसले होते. आता तिघांना हो म्हणायचं तर बाकीच्यांना तोंडावर नाही म्हणावं लागणार होतं. कमलाकरनं कपाळ पुसलं. मग लॅपटॉप उघडून त्यानं जास्तीचे खंड पुसले, आणि उरलेल्या तिन्ही खंडांच्या डोक्यावर एक नवीन फाईल आणून बसवली. ‘संयोजकाचे मनोगत’. तिन्ही ठिकाणी एकच, बालपणापासूनचं, फोटोसकट.

“घ्या,” तो म्हणाला. “तिन्ही खंडांत पहिला लेख माझा. म्हंजे तुमच्यातला पहिला कोणीच नाही. भांडणच मिटलं.”

गुरुजींनी चष्मा काढला.

“याच्या मागं बसू मी? विमलताई, त्याच्यापेक्षा तुमीच बसा पहिल्या. मी तुमच्या मागं बसतो.”

“नाही गुरुजी, मान तुमचाच. हा माणूस पुढं नको, बस.”

डॉक्टर इंजिनिअरांना पुढे करू लागले, इंजिनिअर तहसीलच्या साहेबांना. जी माणसं एकमेकांच्या मागे एक पान उभी राहायला तयार नव्हती, ती कमलाकरच्या तिरस्कारापायी एकमेकांना आग्रह करायला लागली. चहा येईपर्यंत क्रम ठरला. समितीनं आधी लावला होता तोच. मनोगत तिन्ही खंडांतून उडालं. संयोजकाचं नाव मात्र वकीलसाहेबांनी ठेवलं. या समितीचं एकमत झालेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि ते कमलाकरमुळे झालं हे वकिलाला नाकारता येईना.

आता तिन्ही खंड दुकानाच्या काउंटरवर असतात, त्याच्या नावाच्या त्याच एका पानावर उघडे. तो डाव आपण मुद्दाम टाकला होता, असं कमलाकर गिऱ्हाइकांना सांगतो. लोक मान डोलावतात. त्यालाही ते आता खरं वाटायला लागलंय.

परवा सुहासिनीनं त्याला विचारलं, विमलताईंचा तो पोडांवरचा लेख वाचायचा आहे, कोणत्या खंडात आहे? कमलाकरनं तिन्ही खंडांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि “तुले कोणत्या खंडात पाहिजे?” म्हणत कॉम्प्युटर चालू करायला उठला.