चौथे परिशिष्ट

‘वैमानिकाने धावपट्टीच्या स्थितीचा विचार न करता विमान उतरवले, अन्य कोणताही घटक अपघातास कारणीभूत नाही.’

चौकशी समितीचे हे वाक्य मांडीवर घेऊन मी वैशाखातल्या दुपारी आरामखुर्चीत पडलो आहे. वाक्य सुबक आहे. फक्त खरे नाही. त्याच अहवालाच्या बाराव्या पानावर नोंद आहे की उतरण्यापूर्वी वैमानिकाने रेडिओवरून दोनदा विचारले : पट्टीवर बर्फ आहे का? विचार न करणारी व्यक्ती दोनदा चौकशी करते, ही समितीने तर्कशास्त्रात घातलेली मोलाची भर.

वैमानिक म्हणजे माझी धाकटी बहीण शर्वाणी. जानेवारीत हिमालयातल्या एका चिमुकल्या धावपट्टीवर औषधांची खोकी घेऊन उतरताना तिचे विमान घसरून दरीत गेले. विमानात ती एकटीच होती. हरकत नोंदवण्याची मुदत उद्या संपते. त्यानंतर ही चूक कायमची तिच्या नावावर.

डोळे जड होतात. पंख्याची घरघर जाड होत जाते, आणि मी विद्यापीठाच्या वाचनालयात उभा आहे. टेबलांच्या दोन रांगांमधली फरशी लांबत लांबत पांढरी होते, टोकाला डोंगर. शर्वाणी एका खोक्यावर बसून हातमोजे काढते आहे.

“दादा, चपला घालून आलास? उणे अकरा आहे इथे.”

“तू विचारलं होतंस त्यांना.”

“दोनदा. नेगी म्हणाला, ‘ब्रेक चांगले लागतात, मॅडम. या.’ ”

नेगी तिथला धावपट्टी अधिकारी. विमान येण्याआधी पट्टीवरून जीप पळवायची, करकचून ब्रेक दाबायचा आणि चाके कितपत धरतात ते वैमानिकाला कळवायचे, हे त्याचे काम.

“मग त्याची जीप घसरली नाही, आणि तू घसरलीस?”

“मला काय विचारतोस? अहवाल तुझ्याकडे आहे.”

“पाठ आहे मला.”

“सगळा?”

पायाखाली काहीतरी बारीक तडकते. चौथे परिशिष्ट मी उघडलेले नाही. अनुक्रमणिकेत त्याचे नाव आहे : ‘अवशेषांची छायाचित्रे व जबाब’.

“एक तळटीप चुकली म्हणून पोरांचे प्रबंध परत पाठवतोस,” ती हसते, “आणि माझे फोटो बघायला टरकलास?”

“तुला तसं बघायचं नव्हतं गं.”

“हे समितीलाही कळतं, दादा. म्हणून तर जबाब तिथे ठेवलाय.”

अहवाल आता तिच्या हातात आहे. ती पाने उलटते, एका पानावर उघडा अंगठा दाबून धरते.

“माझ्याकडे नको बघूस. खाली वाच.”

मी तिचा हात धरायला जातो. वाचनालयाचे दार विमानाच्या दारासारखे वरून खाली मिटते.

जाग येते तेव्हा साडेतीन वाजले आहेत. अंगाला घाम. मांडीवर चौथे परिशिष्ट उघडे. छायाचित्राखाली, समासात, अंगठ्याएवढा ओला ठसा. बोट टेकवतो तर बर्फगार. त्याला लागूनच नेगीचा स्वाक्षरीसह जबाब :

“थंडीमुळे त्या सकाळी जीप सुरू झाली नाही. ब्रेक लावून पाहिलेच नाहीत. आदल्या संध्याकाळचा शेरा मी मॅडमना दोन्ही वेळा वाचून दाखवला.”