आखूड खांब

धोंडीराम पाथरवट तोंडाचा लई फटकळ. निजामाच्या राज्यात चौसाळ्याच्या माळावर इटलीचा एक पाद्री चर्च बांधू लागला, तेव्हा त्यालाही यानं सोडलं नाही. पाद्री कौतुकानं रोमच्या बॅसिलिकाचं, म्हणजे तिथल्या जुन्या मोठ्या चर्चचं, चित्र दाखवायचा. खांबांच्या दोन ओळी आणि टोकाला मोठा अर्धगोल कोनाडा.

"आधी ही कचेरी होती. या कोनाड्यात न्यायाधीश बसायचा. पुढं तिथंच देव बसवला."

"म्हंजी दोघंबी लांबच बसत्यात," धोंडीराम म्हणाला.

खांब मात्र त्यानं जीव लावून घडवले. त्यातच मानमोडीच्या तापात त्याची बायको छबुबाई गेली. तिचं दिवसकार्य झाल्यावर तो कामावर आला, आणि शेवटचा खांब चार बोटं आखूड भरला. त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"रोममध्येही असंच व्हायचं," पाद्री समजुतीनं म्हणाला. "पडक्या देवळांचे, घरांचे दगड आणून खाली बसवायचे."

दुसऱ्या दिवशी खांबाखाली झिजून गुळगुळीत झालेला एक गोल दगड होता. लग्नानंतर धोंडीरामनंच छबुबाईला घडवून दिलेल्या जात्याचा.

"हा कुठल्या पडक्या घरातला?" पाद्र्यानं विचारलं.

"माझ्या."