वाळवणाला दोघी येणार

नाबुल गावच्या एका गल्लीत उन्हाळ्यात वर्षभराचा कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, वळायचा, आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. बायका परातींभोवती बसणार, रव्यावर पाण्याचा हबका मारून हात फिरवणार आणि साऱ्या जगाची उणीदुणी काढणार. त्यात सलूहाचा हात काय सांगावा! सगळ्यांत बारीक दाणा तिचा.

गेल्या साली मात्र तिच्या सोळा वर्षांच्या लेकीने, युस्राने, शदलिया मावशीची भरली परात भिंतीवर भिरकावली. कुणीतरी एवढंच विचारलं होतं, "शाळा का गं सोडलीस?" बाप वारल्यापासून पोरीला असा राग यायचा की सापडेल ते फुटायचं, आणि मग दोन-दोन दिवस ती दार लावून रडायची. मैत्रिणी तुटल्या. लग्नाची बोलावणी "एकटीच ये हं" अशी यायला लागली. सलूहाने एकही लग्न गाठलं नाही. जळलं मेलं ते लग्न!

लोक म्हणाले, ताईत बांध. ती बधली नाही. वर्षभर पोरीला बसने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी शिकवलं, राग चढला की उठून बाहेर जायचं, निवला की परत यायचं. जाणं जमलं, परत येणं काही जमेना.

यंदा शदलिया मावशी दारात आली. "उद्या माझ्याकडे वाळवण. एकटीच ये बाई."

"दोघी येऊ. नाहीतर बसा माझ्याविना गोळे वळत!"

दोघी गेल्या. सकाळ बरी चालली होती. मग कुणीतरी कुजबुजलं, "पराती सांभाळा गं." युस्रा ताडकन उठली. बायकांनी पराती पोटाशी ओढल्या. ती दार आपटून बाहेर गेली.

"गेली बघ," मावशी म्हणाली. "जा तिच्यामागे."

सलूहाला ठाऊक होतं, आज पोर परतली नाही, तर ती पुन्हा दाराआड गेलीच म्हणायची. पण सलूहा जागची हलली नाही. "येईल ती," म्हणाली. तिचेच दाणे जाड पडायला लागले होते.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. लाल डोळ्यांची युस्रा आत आली, नळावर हात धुतले आणि मावशीपुढे उभी राहिली. "सरक जरा, मावशी. तुझी परात मी सांडली होती. आज मीच वळून देते."

मावशी सरकली. थोड्या वेळाने परातीत बोटं घालून म्हणाली, "अगो बाई, आईपेक्षा बारीक गं!"

साफ खोटं! नुसत्या गुठळ्या झाल्या होत्या. पण सलूहाने सगळ्यांकडे मान वर करून पाहिलं.

"मग? लेक कुणाची आहे!"

"बरं बाई, तुझीच," मावशी म्हणाली. "उद्या पलीकडच्या अंगणात आहे. दोघी या."