खाडीतली बाई

भुताखेतांची आणि ओल्या बायकांची पिक्चरं काढणारा एक माणूस आमच्या खाडीवर आला होता. माझ्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. खाडीतून निघून माडांत शिरणारी भुताची बाई त्याला पाठमोरी दाखवायची होती. नटी पाण्याला घाबरायची. मला पोहता यायचं, म्हणून मला विचारलं. मला कोणीतरी काही विचारलं, यातच मी हुरळले आणि घरी न सांगता पहाटेच गेले. माझं लुगडं खाऱ्या पाण्याने खराब होईल म्हणून शेजारणीचं जुनं मागून नेलं. त्याच्या पदराला तिने पिवळं ठिगळ लावलं होतं.

वर्षभराने गावात ते पिक्चर व्हिडिओवर लावलं. लुगडं अंगाला चिकटलेलं, कॅमेरा नको तिथे थांबलेला. तोंड दिसलं नाही, ठिगळ दिसलं. सगळ्या बायका शेजारणीकडे वळून बघायला लागल्या. मीही बघितलं. माझी सासू बाजूलाच बसली होती.

पुढच्या संक्रांतीपासून शेजारणीला हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही. मीही नाही. देवळात ती समोर आली की मी तिला ओलांडून पुढच्या बाईला कुंकू लावायची. ती एकदाच बोलली, विहिरीवर. "तुझ्या घोवाक कळला तर तो तुका जिती ठेवचो नाय. गप रव." तिने मला वाचवलं. मी गप्प राहिले. मग नवरा गेला, सासू गेली, तरी गप्पच.

यंदा मुंबईची पोरं आली. त्या पिक्चरवाल्याचं तोंड छापलेले टीशर्ट घालून. तो मेला आणि ह्यांचा देव झाला. त्याची पिक्चरं लावून टाळ्या पिटतात म्हणे. त्यांना खाडीतल्या बाईचा सत्कार करायचा होता. गावाने शेजारणीचं घर दाखवलं.

ती खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. पोरांनी तिच्या गळ्यात हार घातला. "आजी, तुमचा तो सीन म्हणजे इतिहास आहे!"

"माका नको रे ह्यां," ती म्हणाली.

मी कुंपणापलीकडून गेले आणि सांगितलं, "ती बाई मी आहे."

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. शेजारणीने हार काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"गाळी पडत होत्यो तेव्हा खंय होतंस गो? आता हार पडतत तेव्हा सांगाक इलंस?"

ती परत सोलं पसरायला बसली. पोरांनी तेवढ्यात माझा फोटो काढला. सून म्हणते, छान आलाय.